रिपोर्ट रात्री उघडू नकोस

पहिला कानमंत्र हाच. हल्ली लॅबवाले रिपोर्ट मोबाईलवर धाडतात, आणि तो येतो नेमका रात्री आठ-साडेआठला, जेव्हा डॉक्टर उठून गेलेले असतात. मग तू ठळक छापलेला आकडा घेऊन बसतेस, मोबाईलवर शोधत जातेस, आणि पहाटेपर्यंत नसलेला आजार घरात येऊन बसतो. हाडांच्या तपासण्यांतले आकडे एका रात्रीत बिघडत नाहीत. जिवावरचं काही निघालं, पोटॅशियम भलतं चढलं किंवा हिमोग्लोबिन पार खाली गेलं, तर लॅबमधून तातडीनं फोन जातो. चांगल्या लॅबची ती रीत आहे. फोन आला नसेल तर सकाळ होऊ दे. जेवून घे, झोप.

मिरजेला वैद्यकीय पंढरी म्हणतात ते उगाच नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली तिथं दवाखाना उभा केला, तेव्हापासून पार कर्नाटकातून माणसं उपचाराला येतात. त्या गावात रक्त तपासण्यात माझी नोकरी सरली. आमच्या लॅबमधल्या थोरल्या बाईंनी मला जे शिकवलं, ते यंत्रं बदलली तरी बदललं नाही. त्या म्हणायच्या, आकडा वाचायच्या आधी नाव वाच. आपल्याकडं एकाच सकाळी एकाच नावाच्या तीन पाटीलबाई रक्त द्यायला येतात. म्हणून नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, बाई की पुरुष, रक्त कधी घेतलं, उपाशीपोटी की जेवून, एवढं आधी बघायचं. वय चुकीचं पडलं तर शेजारी छापलेला नॉर्मलचा पट्टाही चुकीचाच छापला जातो.

तो पट्टा येतो कुठून, हे समजलं की अर्धी भीती उतरते. धडधाकट माणसांचं रक्त तपासतात, आणि शंभरातल्या मधल्या पंच्याण्णव जणांचे आकडे जिथं बसतात तेवढी जागा ‘नॉर्मल’ म्हणून छापतात. उरलेले पाच जणही धडधाकटच असतात, फक्त पट्ट्याबाहेर पडतात. आता कंपनीच्या शिबिरात तू वीस तपासण्यांचं पॅकेज केलंस. ठणठणीत शंभर बायकांनी तेच पॅकेज केलं, तर हिशेबानं साठाच्या वर बायकांच्या कागदावर एखादा तरी आकडा ठळक उमटेल. त्यामुळं ठळक आहे की नाही यापेक्षा पट्ट्यापासून किती लांब आहे ते बघ, आणि मागच्या वेळी किती होता ते बघ. दर वेळी तिथंच असणारा आकडा हा बहुतेक वेळा त्या माणसाचा स्वभाव असतो. सहा महिन्यांत सरकत चाललेला आकडा पट्ट्याच्या आत असला तरी डॉक्टरांना दाखवायचा. त्यासाठी जुने रिपोर्ट फाईलला लावून ठेव आणि जमेल तोवर एकाच लॅबमध्ये जा, कारण दोन लॅबची यंत्रं वेगळी, पट्टेही वेगळे.

रक्त देण्याचीही एक पद्धत आहे. दंडाला रबरी पट्टा आवळून बराच वेळ मूठ उघड-मीट करत बसलं की कॅल्शियम खोटंच थोडं वर दिसतं. शीर सापडेना म्हणून सुई इकडंतिकडं केली, तांबड्या पेशी फुटल्या, की पोटॅशियम वर दिसतं. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असशील तर रक्त देण्याआधी सांग. थायरॉईडच्या आणि पॅराथायरॉईडच्या काही तपासण्या त्यानं चुकतात. आदल्या रात्री पाणी भरपूर पी. उपास सांगितला असला तरी पाण्याचा उपास कुणी सांगितलेला नसतो.

आता तुझा कागद घेऊ. कॅल्शियम ८.१, पट्टा ८.५ पासून, म्हणून ठळक. तू लगेच म्हणालीस, मावशी, माझी हाडं ठिसूळ झाली. तसं नाही गं. त्याच कागदावर खाली अल्ब्युमिन बघ, ३.२ आहे. रक्तातलं जवळजवळ निम्मं कॅल्शियम या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला धरून फिरतं. प्रथिन कमी असलं की एकूण कॅल्शियमही कमी दिसतं, पण शरीराच्या कामाचं मोकळं कॅल्शियम ठीक असू शकतं. हिशेब असा करतात: अल्ब्युमिन ४ पेक्षा जेवढं कमी, त्याला ०.८ नं गुणायचं आणि कॅल्शियममध्ये मिळवायचं. तुझं ०.८ नं कमी, म्हणजे ०.६४. मिळवून झालं ८.७. पट्ट्याच्या आत. तेव्हा तुझा प्रश्न कॅल्शियमचा नसून अल्ब्युमिन का कमी झालं हा आहे. खाण्यात कमी पडतंय, लघवीतून जातंय, की लिव्हरचं काही आहे, हे डॉक्टरांना विचार.

हे शिकवताना थोरल्या बाई हळदीच्या पेवाचं उदाहरण द्यायच्या, आणि मला त्याहून चांगलं अजून सापडलेलं नाही. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हरिपूरला जमिनीच्या पोटात हळद साठवायची पेवं होती. व्यापारी सांगलीच्या बाजारात हळद आणायचे ती या पेवांतून उपसून. बाजारात पोती लागलेली दिसली म्हणून पेव भरलेलंच असेल असं नाही; उलट आत खडखडाट होईपर्यंत बाजार भरलेला दिसू शकतो. रक्त म्हणजे तो बाजार आणि हाडं म्हणजे पेव. अंगातलं शंभरातले नव्व्याण्णव भाग कॅल्शियम हाडांत असतं, मोठ्या माणसात ते किलोभर भरतं. हृदय आणि स्नायू चालायला रक्तातली पातळी नेमकी राखावी लागते. ती राखतात गळ्यातल्या थायरॉईडच्या मागं चिकटलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉईड ग्रंथी. रक्तात जरा कमी पडलं की त्यांचा रस, म्हणजे पीटीएच, वाढतो आणि हाडांतून उपसा सुरू होतो. त्यामुळं कॅल्शियम नॉर्मल असून हाडं पोकळ, हे अगदी घडतं. पेव भरायचा हंगाम पंचविशी-तिशीपर्यंतचा. पुढं आहे ते टिकवायचं. तुझ्या लेकीला आत्ता तेरावं लागलंय, तिचा हंगाम ऐन भरात आहे हे विसरू नकोस.

उलट कॅल्शियम जास्त निघालं तर मात्र अंगावर काढू नकोस. १०.५ च्या वर दोनदा आलं तर पीटीएच करून घ्यायचं. कॅल्शियम चढलेलं असताना पीटीएच दबलेला असायला हवा. तो नॉर्मल किंवा जास्त निघाला तर चारांपैकी एखादी ग्रंथी बेफाम झालेली असू शकते. पुन्हापुन्हा मुतखडे, खूप तहान, न हटणारा मलावरोध, मरगळ, आणि आत हाडांचा उपसा. कित्येक बायका वर्षानुवर्षं मुतखड्यावरच औषध घेत राहतात आणि कॅल्शियम कुणी बघतच नाही. ग्रंथी काढायची शस्त्रक्रिया आहे आणि तिनं बरं होता येतं.

लेकीचा रिपोर्ट तू वेगळा दाखवलास, अल्कलाईन फॉस्फटेज वाढलेलं म्हणून. हाडं भराभर वाढत असताना ते वाढतंच. वयात येणाऱ्या पोरीचा आकडा मोठ्या बाईच्या दुपटी-तिपटीपर्यंत जाऊ शकतो, आणि लॅबनं तिच्या कागदावर मोठ्या माणसाचा पट्टा छापला होता. पोटुशी बाईचं वारेमुळं वाढतं, मोडलेलं हाड सांधताना वाढतं. तुझं मात्र थोडं वाढलंय आणि त्याला कारण शोधायला हवं. हे एन्झाईम हाडांतूनही येतं आणि लिव्हरमधूनही. सोबत जीजीटी करायचं. तेही वाढलं असेल तर लिव्हर-पित्ताकडं बघायचं, ते नॉर्मल असेल तर बोट हाडांकडं जातं. आणि तुझ्या कागदावर त्या बोटाखालीच ड जीवनसत्त्व बसलंय, ११.

ड जीवनसत्त्वाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या कुपवाडच्या एमआयडीसीत मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. वीसच्या खाली कमतरता, वीस ते तीस काठावर, असं साधारण धरतात. एवढं ऊन असलेल्या मुलखात ड कमी कसं, असं सगळे विचारतात. सकाळी आठला तू सनकोट चढवून, तोंडाला स्टोल गुंडाळून, हातमोजे घालून गाडीवरून एमआयडीसीत जातेस. दिवसभर शेडच्या पत्र्याखाली. संध्याकाळी परत येईतो ऊन कललेलं. ऊन आहे, पण तुझ्या कातडीपर्यंत पोचत नाही. १९२२ साली हच्चिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी नाशिकला केलेला मुडदुसाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खाऊनपिऊन सुखी, पण पडद्यात राहणाऱ्या घरांमधल्या पोरांत आणि बायकांत मुडदूस आणि हाडांचा मऊपणा सापडत होता. निकृष्ट खाणाऱ्या, पण उन्हात राबणाऱ्या गरिबांची पोरं त्यातून सुटत होती. त्या घरांचा पडदा गेला, त्या जागी सनकोट आला, एवढाच मला फरक दिसतो.

कोवळं ऊन अंगावर घ्यावं असं आपल्याकडं सांगतात. त्यानं बरं वाटतं, पण ड फारसं तयार होत नाही. त्याला लागणारे किरण सूर्य वर चढल्यावरच पोचतात. खूण सोपी आहे: तुझी सावली तुझ्या उंचीपेक्षा आखूड झाली की ते ऊन कामाचं. आपल्या सावळ्या कातडीला वेळही जास्त लागतो. हात, पाय उघडे ठेवून अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून चार-पाच वेळा. काचेतून आलेलं ऊन चालत नाही. चैत्र-वैशाखात भर दुपारी उभी राहू नकोस, दहा-साडेदहाचं पुरे. जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये डबा खाण्यापेक्षा बाहेर भिंतीला टेकून खा, मैत्रिणींनाही तेच सांग.

पण ११ वर असताना नुसत्या उन्हानं भरून निघायला फार वेळ जातो, म्हणून औषध घ्यावंच लागतं. इथं नीट कान देऊन ऐक. ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एक असते, साधारण आठ आठवडे, मग डॉक्टर सांगतील तशी महिन्याला एक. बायका ती रोज घेतात, कारण बाकीच्या गोळ्या रोजच्या असतात. महिनाभर रोज घेतली तर अठरा लाख युनिट पोटात जातात. कुणी सहा लाखांचं इंजेक्शन एका दवाखान्यात घेतं, पुन्हा दुसऱ्या दवाखान्यात घेतं, वर पुड्या चालूच. हे जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, चरबीत साठतं. मग कॅल्शियम चढतं, उलट्या, तहान, मलावरोध, आणि किडनी दुखावते. म्हणून पुडीवर पेनानं वार लिहून ठेव, सोमवार म्हणजे सोमवार. आणि पुन्हा तपासायची घाई नको. तीन महिन्यांच्या आत केलेली तपासणी पैसे वाया घालवते.

हाडं नुसती झिजणं आणि मऊ पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झिजलेली हाडं मोडेपर्यंत दुखत नाहीत. ड च्या कमतरतेनं मऊ पडलेली हाडं दुखतात: नडगी दाबली की कळ येते, बरगड्या दुखतात, जमिनीवरून उठताना मांड्यांत जोर राहत नाही, जिना चढताना कठड्याला धरावं लागतं. तू ‘कंबर धरते, उठवत नाही’ म्हणत होतीस ते डॉक्टरांना याच शब्दांत सांग. मऊ पडलेली हाडं औषधानं पुन्हा घट्ट होतात, म्हणून ही तक्रार वयावर ढकलू द्यायची नाही.

आता तुझ्या सासूबाई. त्यांनी मेडिकलच्या शिबिरात टाच यंत्रात घालून हाडं तपासली आणि ‘हाडं ठिसूळ’ असा कागद घेऊन आल्या. टाचेच्या यंत्रावर औषध सुरू करायचं नाही. हाडांची खरी मोजणी डेक्सा स्कॅननं होते, कंबरेची आणि खुब्याची. त्यात टी-स्कोअर येतो, तरुण बाईच्या हाडांशी तुलना केलेला. उणे एकपर्यंत ठीक, उणे एक ते उणे अडीच म्हणजे घट, उणे अडीच किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये या रेघा आखल्या. मधल्या घटीला आजार समजून घाबरू नये. पाळी चालू असलेल्या तुझ्यासारखीनं टी-स्कोअर बघायचाच नाही, तिच्यासाठी झेड-स्कोअर असतो. पासष्टी ओलांडलेल्या बाईनं एकदा करून घ्यावा. त्याआधी करायचा तो कारण असेल तर: उभ्या उभ्या पडून मनगट मोडलं, उंची दीड इंचानं कमी झाली, पाठीला पोक आलं, दम्यासाठी किंवा संधिवातासाठी तीन महिन्यांच्या वर स्टिरॉईड चालू आहे, आईचा खुबा मोडला होता. लेबल नसलेल्या सांधेदुखीच्या पुड्या घेत असतील तर तेही स्टिरॉईडच असू शकतं. पुडी घेतली की आठवड्यात सांधे मोकळे होतात, त्यावरूनच संशय घ्यायचा. मात्र बरेच दिवस घेतलेली पुडी एका दिवसात बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून उतरवा.

आणि एक प्रश्न बायका स्वतःहून सांगत नाहीत, डॉक्टरही विचारायचं विसरतात: पिशवी काढली आहे का, आणि कितव्या वर्षी? २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या ८२ हजारांवर बायकांची माहिती गोळा केली, त्यांतल्या १३ हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली होती. कितीतरी जणी ऐन तिशीत. ऊसतोडीला बायका आपल्याही जिल्ह्यात येतात, फडात राबतात. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली असतील तर त्या दिवसापासून हाडांची राखण करणारं इस्ट्रोजेन थांबतं. एरवी पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडांची जी झपाट्यानं झीज व्हायची, ती त्या बाईच्या तिशीतच सुरू होते. मला याचा फार त्रास होतो, कारण त्या बायकांना हे कुणी सांगतच नाही. म्हणून कुणाचंही ऑपरेशन झालं की डिस्चार्ज कार्ड जपून ठेवायचं. नुसती पिशवी काढली की अंडाशयंही, हे त्यावर लिहिलेलं असतं. अंडाशयं गेली असतील आणि वय पंचेचाळीसच्या आत असेल, तर हाडांसाठी आणि हार्मोनसाठी डॉक्टरांकडं जायचंच.

काही आकडे एकटे आले तर थांबता येतं, जोडीनं आले तर त्याच आठवड्यात दाखवायचे. पन्नाशी-साठीच्या माणसाची पाठ रात्री आडवं झाल्यावरही दुखते, वजन उतरतंय, हिमोग्लोबिन कमी, ईएसआर भलता वाढलेला, क्रिएटिनिन किंवा कॅल्शियम वर. अशा वेळी नुसत्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या घेत बसू नये. रक्तातल्या प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस नावाची तपासणी करतात, तिच्याबद्दल विचारायचं. घाबरवायला सांगत नाही. या गोष्टी वेगवेगळ्या कागदांवर असतात आणि एकत्र कुणी वाचत नाही, म्हणून सांगते.

खाण्याचं थोडक्यात. आपल्या देशाच्या पोषण संस्थेनं मोठ्या माणसाला रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलंय, पाळी गेलेल्या बाईला १,२००. पेलाभर दुधात किंवा दह्यात सव्वादोनशे-अडीचशे येतं. तिळात भरपूर आहे, म्हणून तिळाची चटणी रोज भाकरीबरोबर. नाचणीची भाकरी आठवड्यातून दोन-तीनदा, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी. चालत असेल तर काट्यासकट खायची सुकी मासळी. डाळ, उसळ, अंडी कमी पडू देऊ नकोस. तुझं अल्ब्युमिन तेच सांगतंय. कॅल्शियमची साधी गोळी जेवणाबरोबर, एका वेळी पाचशेच्या वर नाही. थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब आणि लोहाच्या गोळीबरोबर कधीच नाही, नाहीतर एकमेकींना अडवतात.

सासूबाईंच्या बाबतीत मी गोळ्यांच्या आधी न्हाणीघर बघेन. ओली शहाबादी फरशी, साबणाचं पाणी, उंच उंबरा, रात्री उठल्यावर अंधार, मोतीबिंदू पिकलेला, पायांत लोळणारा साडीचा काठ. खुबे इथंच मोडतात. न्हाणीत धरायला दांडा बसवून घे, रात्रभर एक छोटा दिवा राहू दे, डोळे दाखवून घे. झोपेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना ती कमी करता येते का विचार. आणि त्यांना बसवून ठेवू नका. रोज चालणं, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, एवढं त्यांना जमेल.

समजा खुबा मोडलाच, तर ऑपरेशन एक-दोन दिवसांत होणं चांगलं, आणि घरी सोडायच्या आधी एक प्रश्न विचारायचा: हाड सांधलं, पण हाडांच्या ठिसूळपणावर औषध कोणतं? हा प्रश्न राहून जातो आणि पुढं दुसरा खुबा मोडतो. अ‍ॅलेन्ड्रोनेटची आठवड्याची गोळी दिली तर ती सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याच्या भरल्या पेल्याबरोबर, चहाआधी. मग अर्धा तास ताठ बसायचं, आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजून निघते. वर्षातून एकदाचं सलाईनवाटेचं औषध ठरलं तर आधी क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि ड तपासून घ्या. दात काढायचा राहिला असेल तर तोही आधीच काढून घ्या.